खोबरची शेजारीण

पुणे
रविवार, १४ जानेवारी २०२४

प्रिय खुर्शी,

जेवण झालंय, खरकटं तसंच टाकून पत्राला बसलेय. रविवारी जेवणानंतर पत्र, डावीकडे समास, पाकीट उघडं. होस्टेलमधलं बाकी सगळं सुटलं, हे तेवढं अंगात मुरलं. आता आपण पत्राचा फोटो काढून फोनवर पाठवतो आणि कागद मागाहून येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती देतो. आपली पत्रं तपासणाऱ्या सिस्टर इमेल्डांना हे फार आवडलं असतं. मुलींची पत्रं वाचायला पाकिटातून काढायलासुद्धा नकोत!

एक बातमी आहे. ओदिल मार्सनाक गेल्या महिन्यात वारली. तुला नाव ठाऊक नसेल. फ्रान्सची मोठी कादंबरीकार. कॉलेजात फ्रेंच शिकवत होते तेव्हा दरवर्षी शेवटच्या तासाला मी मुलींना हिचीच पानं वाचून दाखवायचे. निवृत्त झाल्यावर हिच्या पहिल्या कादंबरीचं मराठी करायला घेतलं आणि ते नुकतंच संपलं. जूनमध्ये पुस्तक येईल. या वयात माझं पहिलं पुस्तक, खुर्शी! हसू नकोस.

प्रस्तावनेसाठी तिचं चरित्र लिहितेय. अटलांटिकच्या काठावरच्या लहानशा गावात जन्म. वडील होड्या दुरुस्त करायचे, आई कालवं फोडून विकायची. ओदिल तिथून पळाली, बोर्दोला शाळेत शिकवू लागली, एका इंजिनियरशी लग्न केलं. आणि नवऱ्याच्या नोकरीपायी कुठे जाऊन राहिली असेल? तुझ्या अल-खोबरला! खाऱ्या पाण्याचं गोडं करण्याच्या कारखान्यात तो होता. परत गेल्यावर चाळिशी उलटल्यावर तिनं ही कादंबरी लिहिली, 'खोबरची शेजारीण'. प्रकाशक परत करत राहिले. वाळवंटातल्या बायकांबद्दल कोण वाचणार, असं एकानं लिहून कळवलं. शेवटी एका छोट्या छापखानेवाल्यानं काढली, तिला मोठं पारितोषिक मिळालं, आणि मग कितीतरी भाषांत गेली. पुढे वडिलांवर लिहिलं, घटस्फोटावर लिहिलं, पण लोकांना ती या पुस्तकामुळेच ठाऊक.

तुम्ही त्याच काळात तिथे होतात. तेव्हा खोबरच्या बिल्डिंगी कशा होत्या? बायका बाजारात कशा जायच्या? कतीफच्या मासळीबाजाराचं एक वर्णन आहे, ते बरोबर आहे का? लिही सगळं. इब्राहीमभावजींना नमस्कार. शरफुन्निसाभाबींची तब्येत कशी आहे?

तुझी,
सुनू

अल-खोबर
रविवार, २१ जानेवारी

प्रिय सुनू,

पुस्तक! मी घरभर सांगत सुटले. जुनैद रास तनुराहून आला होता, त्याला म्हटलं, माझी मैत्रीण लेखिका झाली. तो म्हणाला, "ममा, ट्रान्सलेटर." मी म्हटलं, "तू गप रे, तुला मराठी वाचता येतं का?"

आता तुझी उत्तरं. आम्ही सुवैकेतच्या बाजारामागे राहायचो. तीन मजली बिल्डिंग, खिडकीत बसवलेले एसी, त्यांचं पाणी खालच्या माणसाच्या डोक्यावर. बायकांना गाडी चालवायची मुभा नव्हती. नवऱ्याला वेळ असेल तेव्हा बाजार. आता सून सहर मला गाडीत घालून समुद्राकाठी कॉर्निशला नेते, लेनमध्ये कुणी घुसला की त्याला अशा शिव्या घालते की मी तस्बी काढून मणी ओढत बसते.

आणि ऐक. आमच्या वरच्या मजल्यावर एक फ्रेंच मादामच राहायची! मादाम गीयो. ती तुझ्या लेखिकेला नक्की ओळखत असेल, तेव्हा फ्रेंच होतेच किती. तिचा नवराही पाण्याच्याच कारखान्यात होता. लिंबू मागायला यायची आणि दुपारभर बसायची. तिला इंग्रजी बेताचं आणि माझं कॉन्व्हेंटचं, त्यामुळे ती माझ्याकडून शिकायची. तिच्या गावीही कालवं व्हायची म्हणे. मी तिला सांगितलं, आमच्या हर्णैला बायका ओहोटीला खडकावर बसून कोयतीनं कालवं फोडतात. तिनं विचारलं, मग कच्ची खाता ना, लिंबू पिळून? मी म्हटलं, तौबा! कांदा-खोबरं घालून शिजवतो, तुझ्यासारखी जिवंत गिळत नाही. त्यावर इतकी हसली की रडायला लागली. तिला आईची आठवण यायची. एकदा यूनुसला घेऊन, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या कंपनीचा ड्रायव्हर, आम्ही कतीफच्या मासळीबाजारात गेलो होतो. दोघी नाक खुपसून मासे हुंगत होतो आणि यूनुस लांब उभा, आम्ही त्याच्या कुणी नसल्यासारखा.

कुठे असेल आता कोण जाणे. गेल्यावर एक कार्ड आलं, मग काही नाही.

शरफुन्निसाभाबी अंथरुणातच आहेत. नूरैन दापोलीची शाळा सांभाळून त्यांचं सगळं करते, भरवण्यापासून. फोनवर सांगते, "चाची, अम्मानं आज अर्धी भाकरी खाल्ली," जसं काही भाबींनी गड जिंकला.

बाजाराचं प्रकरण पाठव. तपासून देते, फुकट!

तुझी,
खुर्शी

पुणे
रविवार, २८ जानेवारी

माझ्या खुर्शी,

बसली आहेस ना? मादाम गीयो म्हणजेच ओदिल मार्सनाक! लग्नानंतरचं नाव गीयो, पुस्तकांवर माहेरचं. मी चरित्राचा कागद तीनदा वाचला. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी लेखिका तुझ्याकडे लिंबू मागायला यायची, आणि हे मला इतक्या वर्षांनी कळतंय!

बाजाराबरोबर विमानतळाचं प्रकरणही पाठवतेय. सगळं पुस्तक त्या एका प्रकरणासाठी आहे. झेबा ही शेजारीण, उत्तर हिंदुस्थानातल्या एका कोरड्या, दुष्काळी गावची. नवरा तिची तान्ही मुलगी आपल्या भावाला देऊन टाकतो. मुलगी वर्षभरानं परत येईल असं त्यानं तिला सांगितलेलं असतं. पण विमान सुटल्यावर तो सांगतो की पोरीच्या पासपोर्टवर फायनल एक्झिट मारलाय. म्हणजे परतीचा व्हिसाच नाही. आणि मग तो परिच्छेद:

'झेबाने आवाज केला नाही. ती त्या उन्हात उभी राहिली, जशी तिच्या गावातल्या बायका शतकानुशतके उभ्या राहिल्या होत्या, आणि तिच्या गप्प राहण्याने सगळा विमानतळ भरून गेला.'

एवढ्या तीन ओळींसाठी मी पंधरा दिवस घालवले. रेडिओवर एकदा तिला विचारलं होतं, ही झेबा कोण? तिनं नाव सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "माझ्या शेजारणीने मला शिकवलं की खऱ्या दुःखाला आवाज नसतो."

खरं सांगू, वाचताना मला क्षणभर तुझी नूरैन आठवली. पण तुझं तेव्हाचं पत्र अजून पाठ आहे मला. 'भाबींच्या मांडीवर बाळ दिलं, सगळे हसत होते, मीही हसत होते, तुझ्यासाठी बर्फी ठेवली आहे.' तुझ्यासारखं मोठं मन सगळ्यांना कुठून असणार? ती झेबा बिचारी दुसरीच कुणी. तुला ठाऊक आहे का कोण?

आणि प्रस्तावनेसाठी 'माझी शेजारीण ओदिल' असं पानभर लिहून दे. नाही म्हणायचं नाही.

सुनू

अल-खोबर
४ फेब्रुवारी

सुनीती,

हे पुस्तक छापायचं नाही.

ती झेबा मी आहे. तुला कळलं नाही, याचं मला हसूसुद्धा येत नाही.

मी दुष्काळी गावची? हर्णैच्या बंदरावर जन्मले मी. माझे आजोबा होडीवरचे तांडेल होते. आमच्या पडवीत भरतीचं पाणी यायचं. त्या बाईला मी समुद्राच्या गोष्टी सांगितल्या, कालवांच्या, कोयतीच्या, आणि तिनं काय केलं? कालवं स्वतःच्या आईला दिली आणि मला वाळूत नेऊन उभं केलं. बाजाराच्या प्रकरणात झेबाला माशाच्या वासानं मळमळतं! मला! पाच वर्षं माझ्या हातचं खाल्लं त्या बाईनं. तिच्या ताटात मी बोंबील वाढलेत, काटे काढून.

आता मुद्दा ऐक, कारण तू हुशार आहेस आणि हुशार माणसांना मुद्दाच लागतो. फ्रेंचमध्ये छापलं, जर्मनमध्ये छापलं, छापू दे. आमच्यात कोण वाचतंय? पण नूरैन दापोलीला शाळेत मराठी शिकवते. मराठी! शाळेची पुस्तकं तीच निवडते. नवीन भाषांतर, त्यात खोबर, त्यात भावाला दिलेली मुलगी. तिला तुझ्यासारखं क्षणभर वाटून थांबणार नाही. आपल्याला इथून तिकडे दिलंय हे तिला ठाऊकच आहे. कागदावर बापाच्या जागी इब्राहीम आहे, लपवण्यासारखं काही नाही. पण चाचीनं हसत दिलं, हे ऐकत ती मोठी झाली. ती ज्या बाईला भरवते, पुसते, कूस बदलून देते, त्या बाईनं तिला आईपासून फसवून आणलं असं तिनं वाचायचं का? आता, भाबींच्या शेवटच्या दिवसांत? आणि भाबींना तर ठाऊकही नव्हतं की मला एक वर्ष सांगितलंय. त्यांना वाटत होतं, मी दिली.

इब्राहीमला सांगितलं. म्हणतो, "अगं ती फिरंगीण मेली ना आता? खलास! मेलेल्या माणसाशी कसली भांडतेस?" मी म्हटलं, "जिवंत माणूस समोर बसलाय, त्याच्याशी भांडू का?" टीव्हीचा आवाज वाढवून बसला.

प्रकाशकाला कळव.

खुर्शीद

पुणे
११ फेब्रुवारी

खुर्शीद,

तुझं पत्र मी दिवसभर पुन्हा पुन्हा वाचलं. मग राग आला. तोही लिहूनच टाकते.

आपण सातव्या वर्षापासून एका खोलीत झोपलो. माझी वेणी तू घालायचीस. माझं लग्न मोडत होतं तेव्हा मी तुला काय काय लिहिलं ते आठव. माझ्या सख्ख्या बहिणीला जे ठाऊक नाही ते तुला ठाऊक आहे. आणि तुझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट तू कुणाला दाखवलीस? लिंबू मागायला येणाऱ्या बाईला! मला काय पाठवलंस? बर्फी.

मी ती बर्फीची ओळ माझ्या मुलीला वाचून दाखवली होती, ठाऊक आहे? मोठं मन कसं असतं बघ, म्हणून. मला मूर्ख बनवलंस.

आणि त्या बाईवर तू एवढी का उखडली आहेस तेही मला कळत नाही. गाव बदललं, नाव बदललं. लेखक ते करतातच, उलट तुला कुणी ओळखू नये म्हणून केलं असेल. आत जे आहे ते खरंच आहे ना? तुझ्या नवऱ्यानं फसवलं हे खरं. तू आतल्या आत सोसलंस हे खरं. तुझ्या त्या गप्प राहण्याचा जितका मान तिनं राखला तितका आमच्यापैकी कुणी राखला नाही. जगभरच्या बायका त्या तीन ओळी वाचून रडल्यात. मीही रडलेय. हे पुस्तक तुझं एकटीचं नाही. माझंही आहे. मी त्याला चार वर्षं दिलीत, आणि माझ्याजवळ दुसरं काही नाही.

मी प्रकाशकाला कळवणार नाही.

सुनीती

अल-खोबर
१८ फेब्रुवारी

सुनीती,

'आतल्या आत सोसलंस.' वा.

आता नीट वाच. समास सोडलेला नाही, अक्षर वाईट आहे, चालवून घे.

ऑगस्ट महिना होता. तेव्हा विमानतळ धहरानला होता. भाईजान आणि भाबी मक्केला उमऱ्यासाठी आले होते, जाताना नूरैनला नेणार होते. एक वर्षासाठी. भाबींची कूस उजवली नव्हती, भाईजाननं इब्राहीमला बापासारखं वाढवलं होतं, आणि एक वर्षात माझं काय जाणार होतं? असं मला समजावलं होतं आणि मी समजले होते. आमची गाडी बिघडली होती म्हणून मादामनं यूनुसला आणि कंपनीची गाडी दिली आणि सोबत म्हणून स्वतःही आली.

आत जाईपर्यंत मी खरंच हसत होते. भाबींना सांगत होते, हिला पालथं झोपवलं की ढेकर येते. ते पत्रातलं हसणं खोटं नाही सुनू, ते त्या दरवाजापर्यंतचं आहे.

परत गाडीशी आलो. इब्राहीमनं गाडीच्या टपावर हात ठेवला, माझ्याकडे न बघता म्हणाला, "फायनल एक्झिट मारून दिलाय. भाबीच्या जिवाला घोर नको. आपल्याला अल्ला दुसरी देईल."

मी ओरडले.

मी गप्प नव्हते. मी अशी ओरडले की पार्किंगमधल्या पाकिस्तानी हमालांनी ढकलगाड्या सोडल्या. मी इब्राहीमच्या छातीवर मुठी मारल्या. त्याचा चष्मा पडला, त्यावर मी पाय दिला, मुद्दाम. आमच्या कोळीवाड्यात बायका भांडताना देतात त्या शिव्या माझ्या तोंडातून आल्या, आपल्या कॉन्व्हेंटनं इतकी वर्षं घासूनपुसून काढलेल्या. मी पोरीचं नाव घेऊन ओरडत होते, कुणी विमान थांबवेल म्हणून. एक पोलीस यायला निघाला होता, यूनुसनं हात जोडून त्याला अडवलं. माझा गळा त्यानंतर महिनाभर बसला होता. माझं दूध वाहत होतं, अबाया पुढून भिजला होता. असा सगळा विमानतळ भरून गेला होता, तुझ्या मौनानं नाही.

आणि तुझी लेखिका काय करत होती? गाडीत बसली होती. माझं तिच्याकडे लक्ष गेलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि खिडकीची काच वर केली. हळूहळू, हँडल फिरवत.

का केली, मला आजतागायत ठाऊक नाही. एसी चालू होता म्हणून? लाज वाटली म्हणून? मी तेव्हा मनात म्हटलं, बिचारी घाबरली. इतकी वर्षं तिला माफ केलं होतं, कारण निदान एका माणसानं ते पाहिलं होतं. मी तुला सांगितलं नाही आणि तिला सांगितलं, असं म्हणतेस. मी तिला काहीही सांगितलं नाही! ती तिथे होती, बाकीचं तिला यूनुसनं सांगितलं असेल. मला वाटायचं, जगात कुठेतरी एका बाईला ठाऊक आहे की खुर्शीदनं आपली पोर अशीच दिली नाही.

आणि तिनं काय लिहिलं? 'झेबाने आवाज केला नाही.' जगभरच्या बायका रडल्या. कुणासाठी? मी त्यांच्यासमोर छाती बडवली असती तर रडल्या असत्या का गं? की त्यांनीही काचा वर केल्या असत्या?

आता तुझी बर्फी. ते पत्र मी त्यानंतर दोन वर्षांनी लिहिलं, ते तुझ्या ध्यानात नाही. हर्णैला सुट्टीवर गेलो होतो. इब्राहीमनं कफीलकडे, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाकडे, दुसऱ्या व्हिसाचं नावही काढलं नव्हतं. मी दारात पाऊल टाकलं आणि नूरैन मला बघून भाबींच्या पदराआड लपली. "अम्मा, ये कोन?" म्हणाली. त्या दिवशी मी बाजारातून बर्फी आणली, सगळ्यांना वाटली, आणि म्हटलं, हिला मी हसत दिलीय. तीच गोष्ट तुला लिहिली. दुसरं कसं लिहिणार होते? पत्र लिहायला आपण कुठे शिकलो ते आठव. उघडं पाकीट, कोपऱ्यात निळ्या पेन्सिलीनं सिस्टरची वाचल्याची खूण. 'मी आनंदात आहे, जेवण चांगलं असतं.' तू तरी घरी कधी लिहिलंस की तुला रडू येतं?

छाप तुझं पुस्तक. माझ्याशी बोलू नकोस.

खुर्शीद

पुणे
३ मार्च

खुर्शी,

काय लिहू? तुझं पत्र आल्यावर मी जुनी पेटी काढली. तुझी सगळी पत्रं आहेत. एकातही तू रडलेली नाहीस. मी पन्नास वर्षं कुणाची पत्रं वाचत होते, तुझी की सिस्टर इमेल्डांची?

माझीही काढून बघ. मोडलेल्या लग्नाचं मी तुला सगळं लिहिलं असं म्हणाले ना? सगळं नाही लिहिलं.

त्या तीन ओळी आता मला वाचवत नाहीत. मी त्या इतक्या सुंदर केल्या, खुर्शी. 'शतकानुशतके' हा शब्द मूळ फ्रेंचमध्ये नाहीच. तो मी घातला. मला वाटलं, शोभेल.

प्रकाशकाला थांबायला सांगितलंय. तो चिडलाय, म्हणतो लेखिका वारलीय, बातमी ताजी आहे तोवर पुस्तक यायला हवं. मी म्हटलं, मग दुसरी भाषांतरकार शोधा. ते प्रकरण गाळता येत नाही, करार तसा आहे. तळटीप देता येईल. किंवा सगळंच राहू दे. तू म्हणशील तसं.

रमझान लागतोय. सांभाळून.

सुनू

अल-खोबर
५ मे

प्रिय सुनू,

तुझं पत्र पोचलं होतं. उत्तर दिलं नाही, कारण देण्यासारखं काही घडायचं होतं.

रमझानच्या पहिल्या आठवड्यात शरफुन्निसाभाबी गेल्या. नूरैनच्या हातावर. आम्ही वेळेवर पोचू शकलो नाही. ईद झाल्यावर नूरैन भाबींच्या नावानं उमऱ्याला आली आणि तिथून आमच्याकडे आली. वाळली आहे. दोन्ही हात सारखे कशात तरी गुंतवून ठेवते, माझी सगळी भांडी घासून काढली. इतके दिवस कुणाला तरी उचलायची सवय लागली होती, आता हातांना कळत नाही काय करायचं.

काल सहरनं आम्हा दोघींना कॉर्निशला नेलं, बाकावर बसवलं, आणि स्वतः "मी चहा आणते" म्हणून गेली ती येईचना. शहाणी आहे. मी ठरवून काही सांगायला गेले नव्हते. नूरैन म्हणाली, "चाची, अम्मा शेवटी शेवटी सारखं म्हणायची, खुर्शीदचं मन मोठं, हसत दिली गं तुला."

सुनू, मला ते ऐकवेना. मी म्हटलं, "नाही. मी ओरडले होते."

आणि सगळं सांगितलं. चष्म्यासकट, शिव्यांसकट. भाबींना एक वर्षाचं ठाऊक नव्हतं हे तीनदा सांगितलं.

मला वाटलं, रडेल. ती भडकली. इतकी भडकली की पलीकडच्या बाकावरचं कुटुंब उठून गेलं. भाबींवर नाही, इब्राहीमवरसुद्धा नाही. त्याची पाळी संध्याकाळी आली, त्याबद्दल लिहीत नाही. एवढंच सांगते, टीव्ही बंद होता आणि माफी मागताना त्याला त्याच्याच घरात बसायला कुणी सांगितलं नाही. पण आधी माझ्यावर.

"चाची, तुम्ही सगळ्यांनी मिळून मला काय ऐकवलंत? हसत दिली, हसत दिली! लग्नात, ईदला, पाहुणे आले की! लोक म्हणायचे, काय ते मन! आणि मी कोपऱ्यात उभी राहून विचार करायचे, मी अशी कशी पोर होते की मला देताना आईला रडूसुद्धा आलं नाही? मांजरीचं पिल्लू दिलं तरी माणूस मागे वळून बघतं. मी शाळेत पोरांना शिकवते आणि एखादी आई फाटकाशी रडली की मला तिचा राग येतो, ठाऊक आहे तुम्हाला?"

मी म्हटलं, "तुला त्रास होऊ नये म्हणून."

"कुणाला त्रास होऊ नये म्हणून? खरं सांगा!"

मी तोंड समुद्राकडे फिरवलं.  तिनं विचारलं, "काय ओरडत होतात?"

"तुझं नाव."

"ओरडून दाखवा."

मी म्हटलं, "वेडी आहेस का? कॉर्निशवर?" पण ती उठेचना. मग ओरडले, सुनू. या वयात, या गळ्यानं. सहर चहा सांडत धावत आली. एक म्हातारा सौदी थांबून म्हणाला, "खैर, हज्जा? खैर?" म्हणजे सगळं ठीक ना बाई? नूरैननं त्याला मोडक्या अरबीत सांगितलं, "माझी आई आहे. मला हाक मारतेय."

आता तुझं पुस्तक. नूरैननं ते प्रकरण वाचलं. म्हणाली, भाषा छान आहे, आणि बाई कुणीतरी निराळीच आहे. छाप, सुनू. त्या तीन ओळींना हात लावू नकोस, फक्त तुझं ते 'शतकानुशतके' काढ, ते मला नको. बाकीचं तसंच असू दे. ती गाडीत बसली होती, आणि काच वर केली की बाहेरची माणसं गप्पच दिसतात. तिनं जे पाहिलं ते लिहिलं असेल. मी तिला माफ केलेलं नाही. पण ती तिच्या आईसाठी माझ्या घरी बसून रडायची तेव्हा मी दार लावून घेतलं नव्हतं, एवढं तुझ्या प्रस्तावनेत तिच्या चरित्रात घाल. ती खोबरला कोण होती ते लोकांना कळू दे.

तळटीप मला नको. पुस्तकाच्या शेवटी माझं अठरा फेब्रुवारीचं पत्र छाप. समास न सोडलेलं, जसंच्या तसं. नाव माझं, गाव हर्णै. नूरैनची अट आहे, शिव्याही गाळायच्या नाहीत. मी पत्रात त्या लिहिल्या नव्हत्या, ती म्हणते आता लिहा. लिहितेय. तुझ्या प्रकाशकाला घाम फुटेल.

आणि तू मोडलेल्या लग्नाचं जे लिहिलं नव्हतंस, ते लिही. मी वाट बघतेय. चांगलं अक्षर काढू नकोस.

या पत्राचा फोटो पाठवत नाही. नूरैन परवा मुंबईला उतरेल, तिथून पुण्याला येऊन ते तुझ्या हातात देईल. तिला नीट बघून घे, तिची हनुवटी माझ्यासारखी आहे. पाकीट चिकटवलेलं नाही. होस्टेलमध्ये द्यायचो तसंच उघडं दिलंय. ती विमानात वाचणार आहे, म्हणूनच.

तुझी,
खुर्शी